अण्णा सब्जेक्ट झाले तो शनिवार

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी सायकॉलॉजी घेतलं, ते कॉमर्सची यादी माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच संपली म्हणून. पण हे मी कुणाला सांगितलं असेल तर शपथ! गल्लीत मी असं पसरवून दिलं होतं की मला माणसांची मनं वाचायची आहेत. आणि दीड महिन्यात मी वाचायला लागलेसुद्धा. जयनगरच्या आमच्या दोन खोल्यांत जो सापडेल त्याला काहीतरी झालेलं असायचं. शेजारच्या अक्कांना न्यूनगंड. दूधवाल्याला दडपलेला राग. आई दुपारची जेवणं आटोपली की दुकानातून आलेल्या शर्टांना काजं करत बसायची. तिला मी सरळ सांगून टाकलं की हात मोकळे ठेवताच न येणं हा एक आजार असतो. आईने दातांनी दोरा तोडला. "असेल बाई," म्हणाली. "तुझे मोकळे आहेत ना? मग तेवढी भांडी घासून टाक."

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. बाजाराच्या रस्त्यावर, एका जिन्याखाली त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. एक मशीन, एक कटिंगचं टेबल आणि भिंतीवर टांगलेले शर्ट, एवढाच पसारा. आमचे लोक बंगळूरला कधी आले ते कुणालाच नीट सांगता येत नाही, चार पिढ्या तरी झाल्या असतील. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड इतकं कालवलेलं की पुण्याहून आलेली नवी भाडेकरीण आमच्या तोंडाकडे बघत राहायची. अण्णा मात्र कुठल्याच भाषेत फार बोलत नसत. 'सरी', म्हणजे 'बरं', या एका कन्नड शब्दावर त्यांचा दिवस निघायचा. जेवण वाढलं, सरी. गिऱ्हाईक भांडून गेलं, सरी. मला कॉलेजला जायचंय, सरी. अख्ख्या गल्लीची मनं वाचणाऱ्या मला त्यांचं मन वाचावंसं कधी वाटलं नाही. तिथे वाचण्यासारखं काही असेल असंच मला वाटत नव्हतं, आणि हे आज लिहितानाही लाज वाटते.

सायकॉलॉजीला प्रॅक्टिकल असतं हे मला ॲडमिशन झाल्यावर कळलं. दोघींची जोडी असायची. एकीने प्रयोग घ्यायचा, दुसरीने सब्जेक्ट व्हायचं, म्हणजे जिच्यावर प्रयोग होतो ती. माझी जोडीदारीण आनेकलहून बसने यायची आणि पहिल्या तासाला डुलक्या घ्यायची. गुणाची पोर होती, माझी बडबड ऐकून घ्यायची.

प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी एक विधी असे. सब्जेक्टला विचारायचं, हे करताना तुम्हाला काय वाटलं? आणि मग तो बोलत असताना आपण तोंड उघडायचं नाही. मान डोलवायची नाही, मध्येच 'म्हणजे काय' करायचं नाही. तो बोलेल ते शब्दाला शब्द लिहून घ्यायचं आणि खाली त्याची सही. मॅडम याबाबतीत भारी कडक होत्या. बाकी आकडे चुकले तर चालत, पण सब्जेक्टच्या तोंडी आपले शब्द घातले की पान फाडून हातात देत. माझ्यासारख्या तोंडाळ मुलीला ही शिक्षाच होती. बरं, जोडीदारीण तरी काय सांगायची? कंटाळा आला, भूक लागली. संपलं!

एकदा हात किती स्थिर आहे ते मोजायचा प्रयोग आला. पितळेची एक पट्टी, तिला नऊ भोकं, मोठ्यापासून बारीक होत गेलेली. तारेला जोडलेली लोखंडी काडी भोकात धरायची. काडी कडेला लागली की बझर वाजतो. आमचं आमचं झाल्यावर मॅडम म्हणाल्या, आता हाताचं नाजूक काम करणारं एखादं बाहेरचं माणूस आणा, म्हणजे तुलना करता येईल.

मी उभीच राहिले. "माझे वडील शिंपी आहेत, मॅडम. एकदासुद्धा बझर वाजणार नाही. बघाच तुम्ही!"

घरी येऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. पट्टी, काडी, शेवटचा तो विधी, सगळं. आणि अण्णा चक्क नाही म्हणाले. दुकान कोण बघणार? दुसऱ्या दिवशी विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. "गिऱ्हाइकाच्या पोरीच्या लग्नाला दुकान बंद करून जाता ना? मग माझ्या कॉलेजात यायची लाज वाटते का तुम्हाला?"

"अगं ए!" आई आतून ओरडली. तिचा असला आवाज मी कधी ऐकला नव्हता. अण्णा बराच वेळ टेपची गुंडाळी करत राहिले.

"सरी," म्हणाले. "शनिवारी येतो."

शनिवारी ते आले. स्वतः शिवलेला पांढरा शर्ट, केसांना तेल, पायांत पॉलिश केलेल्या चपला. प्रयोगशाळेत सात-आठ जोड्या आपापल्या टेबलांवर होत्या. मी त्यांना स्टुलावर बसवलं, काडी हातात दिली आणि जोडीदारणीकडे बघून भुवया उडवल्या.

पहिल्याच भोकात बझर वाजला. सगळ्यांत मोठं भोक, त्यात माझं बोटसुद्धा मावलं असतं. मी हसले. "घाई नको, अण्णा. स्वल्प सावकाश." पुन्हा वाजला. दुसऱ्या भोकात तर वाजायचा थांबेचना. "नीट धरा ना, काय हे!" मी खेकसले, आणि मग त्यांच्या हाताकडे पाहिलं. काडीचं टोक थरथरत होतं. अण्णांनी डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलं होतं, कपाळावर घाम आला होता आणि तरीही ते तिसऱ्या भोकाकडे निघाले होते. मला हलताही येईना. शेवटी जोडीदारणीने पेन्सिल खाली ठेवली आणि बॅटरीची तार उपटली. "साकु," ती हळूच म्हणाली. पुरे.

"अण्णा, हे कधीपासून?"

त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "शेवटचं ते राहिलंय ना? मी बोलायचं आणि तू गप्प बसायचं, ते."

"ते राहू दे हो आता!"

"का राहू दे? नियम आहे ना तुमचा? पेन घे."

मी पेन घेतलं. आजूबाजूला मराठी कळणारं कुणी नव्हतं. त्या भरलेल्या खोलीत अण्णा आमच्या घरच्या भाषेत, अगदी घरात बसल्यासारखे बोलायला लागले.

"गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून हात ऐकत नाही. कात्री जड असते, ती हाताला धरून ठेवते, म्हणून कटिंग होतं. सुई होत नाही. काजं तुझी आई करते, बटणं पण तीच लावते. डॉक्टरला दाखवलंय. गोळ्या दिल्यात, वाढू पण शकेल म्हणाला. तुला सांगायचं नाही असं मीच तिला बजावलं होतं."

मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला, तोच थरथरता हात. "मी बोलतोय ना?"

मी ओठ चावून लिहीत राहिले.

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पुस्तकं बांधून गारमेंटला गेली असतीस. तुझा राग तसंच तुझं प्रेम. मागचा पुढचा विचार नाही."

देवाशपथ सांगते, त्या क्षणी मी मनात तेच ठरवून बसले होते. खालच्या मजल्यावरची मुलगी गारमेंट फॅक्टरीत जायची, सकाळी साडेसहाच्या बसने. सोमवारपासून तिच्याबरोबर जायचं, आई-अण्णांना बसल्या जागी सुख द्यायचं, असं सगळं चित्र मी काडी थांबल्यापासूनच्या दोन मिनिटांत रंगवलं होतं. आणि मन वाचायला शिकत होते म्हणे मी!

"मला भीती वाटते, हे पण लिही," अण्णा म्हणाले. "दुकानात एकटा असलो की वाटते. तू पुस्तक घेऊन बसलेली दिसलीस की कमी होते. तुझ्या त्या आजारांच्या गप्पा ऐकल्या की हसू येतं, तेव्हाही कमी होते. म्हणून माझ्या हाताचं कारण सांगून माझ्या मुलीने कॉलेज सोडायचं नाही. झालं माझं म्हणणं. लिहिलंस?"

मी मान हलवली. काही अक्षरं पसरली होती, डोळ्यांतलं पाणी थेट कागदावर पडत होतं. जोडीदारणीला एक शब्द कळला नव्हता, तिने नुसता पाण्याचा ग्लास आणून अण्णांसमोर ठेवला.

"वाच," अण्णा म्हणाले. मी वाचलं. शेवटच्या ओळीत मी 'सोडू नये' असं लिहिलं होतं. "मी असं म्हणालो नाही," ते म्हणाले. "सोडायचं नाही, म्हणालो." मी खोडून नीट लिहिलं.

मॅडम फेरी मारत आल्या. इंग्रजी जर्नलात पानभर मराठी बघून थबकल्या. आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे त्यांनी पाहिलं आणि मला एवढंच विचारलं, "शब्द त्यांचेच आहेत?" मी हो म्हटलं. "मग ठीक आहे. सही घे."

पुढच्या सोमवारी मी कॉलेजात होते, आणि तिन्ही वर्षं होते. ते त्या पानामुळे. रोज मनात यायचं की सोडावं, आणि रोज ते पान आडवं यायचं.

त्या शनिवारी, मॅडम पुढे गेल्यावर अण्णांनी पेन घेतलं. कागद धरायला मी हात पुढे केला तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. सहीला खूप वेळ लागला. पेनचं टोक कागदावर टेकायचं, सरकायचं, अण्णा ते उचलून पुन्हा टेकवायचे. मी नियमाप्रमाणे गप्प बसून राहिले. झाली तेव्हा ती सही ओळीच्या खाली घसरली होती आणि प्रत्येक अक्षर दोनदा काढल्यासारखं दिसत होतं. अण्णांनी जर्नल जरा लांब धरून तिच्याकडे पाहिलं.

"असू दे," म्हणाले. "माझीच आहे."