सासूबाईंचे कान

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. माहेरी आई म्हणायची, हिला सासरी कोण नांदवणार! पण कल्याणला सासरी आले आणि तोंड शिवल्यासारखं झालं. सासूबाई विधवा, कडक सोवळ्याच्या. भाकरीला जरा चीर गेली की विचारायच्या, "माहेरी पीठ खायचीस की भुस्सा?" ओटीवर बसून त्यांना चुलीजवळची माझी बांगडी ऐकू यायची.

मग एका दिवाळीनंतर त्यांच्या कानांना दडे बसले. आधी एक कान, मग दुसरा. दहा हाका मारल्या तरी ओ नाही. आणि खोटं कशाला बोलू, मला स्वर्ग दोन बोटं उरला! चूल फुंकता फुंकता मी बोलायला लागले. "म्हातारे, तुझ्या सोवळ्याला आग लागो." "खा आता भुस्सा." समोर बसून, हसऱ्या तोंडाने. त्या मान डोलवायच्या. जळलं मेलं माझं तोंड, पण तेव्हा फार सुख वाटायचं.

देवळातल्या पुराणाला त्या तरीही रोज जायच्या. तेवढाच त्यांचा विरंगुळा. सगळ्यांच्या पुढे बसायच्या आणि उठताना शेजारणीला विचारायच्या, "आज कुठवर आलं गं?" शेजारीण दोनदा ओरडून सांगायची, तिसऱ्यांदा निघून जायची.

आमच्या घरची स्वारी रेल्वेच्या माल कचेरीत कारकून. एके दिवशी इकडून म्हणणं झालं, "ठाण्याच्या इस्पितळात डाक्तर कोमट पाण्याच्या पिचकारीने कानातला मळ काढतात. आमच्या हेडकारकुनाचे कान तसेच मोकळे झाले. आईला विचार, येतेस का. मी ओरडून विचारलं तर सगळी आळी गोळा होईल. तू खुणांनी समजाव."

मी विचारलंच नाही. दोन दिवसांनी सांगून टाकलं, "सासूबाई नको म्हणतात. इस्पितळातलं पाणी कुणी भरलेलं कोण जाणे, विटाळ होईल म्हणतात." किती चटकन सुचलं मेलीला! आणि ते पटलंही. आई तशीच आहे, म्हणून विषय मिटला.

चार महिने गेले. एका सकाळी सासूबाई केरसुणीचा हीर कानात घालून कोरत बसलेल्या दिसल्या. पदरावर रक्ताचा ठिपका. "काहीतरी अडकलंय गं आत, निघतच नाही," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. त्या बाईला मी तोवर रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या हातातला हीर हिसकून घेतला आणि आत जाऊन इकडे सांगितलं, "सासूबाई तयार झाल्यात. आजच न्यायचं."

ठाण्याच्या देशी डाक्तरांनी उजेडात धरून दोन्ही कान पाहिले. पडदे शाबूत होते, बाहेरच खरचटलं होतं. "काडी नाही, कढत तेल नाही. जखम भरू द्या. मग हे औषधाचे थेंब घाला म्हणजे मळ मऊ होईल, आणि परत या," म्हणाले. दुसऱ्या खेपेला कानाखाली वाडगं मीच धरलं होतं. पिचकारीचं कोमट पाणी हळूहळू आत गेलं आणि चिंचोक्याएवढा काळा मळ वाडग्यात पडला. सासूबाई दचकल्या. "अगं बाई, पाणी वाजतंय!" दुसराही कान मोकळा झाला तशा डाक्तरांना हात जोडून म्हणाल्या, "इतकं सोपं होतं? आधी कोणी सांगितलं असतं तर केव्हाच आले असते हो."

इकडची नजर माझ्याकडे वळली. मी वाडग्यात बघत राहिले. त्यावरून घरात एक शब्द झाला नाही. चार शब्द ऐकून घ्यावे लागले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन चूल पेटवली. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. मी खाली मान घालून पीठ मळत होते. आता तोंडातून अक्षर काढायचं नाही, असं ठरवलं होतं.

"गप्प का गं?" त्या म्हणाल्या. "इतके दिवस तर केवढी बोलायचीस माझ्याशी! कान गेल्यापासून माझ्यासमोर बसून तोंड उघडायचं नाही कोणी. पोटचा पोरगासुद्धा टाळायचा. तू एकटी बोलायचीस. मला ओ की ठो कळत नव्हतं. तुला वाईट वाटू नये म्हणून आपली मान डोलवायचे. काय काय सांगत होतीस? आता सांग बघू सगळं, पहिल्यापासून."

आणि पाट ओढून त्या माझ्यासमोर बसल्या.