जोडीनंच फिरतात

मुरबाडला मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायचो आणि मारायचो. दोन्हींत माझं नाव होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दोन बीकरांत सारख्याच तीव्रतेची दाट द्रावणं होती. एकात साधं मीठ, दुसऱ्यात मॅग्नेशियम सल्फेट. सेलच्या तारा आत बुडवल्या की बॅटरीचा बल्ब लागे. मी फळ्यावर आधीच लिहून ठेवलं होतं: दुसऱ्यातल्या आयनांवर, म्हणजे पाण्यात सुट्या झालेल्या भारित कणांवर, दुप्पट भार, म्हणून उजेड जास्त. दुसऱ्यात बल्ब लागला तो मिठापेक्षा मंद.

"तारा नीट धर!" मी ओरडलो.

तारा धरणारी मुलगी डोंगरातल्या पाड्यावरून चालत यायची. "नीटच धरल्यात, सर. सगळे आयन सुटले नसतील. काही जोडीनंच फिरत असतील पाण्यात."

मागून कोणीतरी म्हणालं, "मग लगीन लाव गो त्यांचं!" वर्ग हसला. तीही हसली.

ती माझीच टिंगल करतेय असं मला वाटलं. हातातलं लाकडी डस्टर मी तिच्या डाव्या कानावर हाणलं. बीकर फुटला. ती वाकली, तशी केसांना धरून उभी केली आणि पुन्हा तिथंच मारलं. "बोल, सगळे सुटतात!" ती बोलेपर्यंत मारत राहिलो. कानातून आलेलं रक्त टेबलावरच्या मिठाच्या पाण्यात पसरलं.

"सुटतात, सर."

तिच्या वडिलांना मी सांगितलं, पाय घसरून पडली, बीकरही फोडला. ती पुन्हा वर्गात आली नाही.

बऱ्याच वर्षांनी एका जाड पुस्तकात वाचलं. दाट द्रावणात विरुद्ध भारांचे आयन जोड्या करतात. पाण्याचे रेणू त्यांना वेढतात, कधी दोघांच्या मध्ये शिरतात, तरी ओढ सुटत नाही. अशा जोडीवर एकूण भार उरत नाही, म्हणून ती वीज वाहून नेत नाही.

मी पाड्यावर गेलो. ती अंगणात भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारा पोचट दाणा काढत होती. मी शेजारी उभा राहून म्हणालो, "तुझं बरोबर होतं. माझं चुकलं."

तिनं वर पाहिलंच नाही. मी पुन्हा म्हणालो. मग माझी सावली दिसून ती दचकली.

"सर? हिकडून बोला. तो कान गेलाय."

मी वळसा घालून तिसऱ्यांदा म्हणालो. तिनं मूठभर पोचट बाहेर फेकलं.

"बीकर फोडला म्हणून बानं घरी आणखी मारली होती," ती म्हणाली. "बा आत बसलाय. त्याला सांगा. मोठ्यानं सांगा, मला हितं ऐकू आलं पायजे."