बातम्या बघणारं गिऱ्हाईक

इराकी फौजा कुवेतमधून परत गेल्यावर काही वर्षांनी, तिथल्या फहाहील गावात मी न्हावी होतो; माझ्या दुकानात एक आफ्रिकन ड्रायव्हर यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. खुर्चीत बसला की आधी टीव्हीवर बातम्या लावायला सांगायचा. त्याच्या देशाचा अध्यक्ष दिसला की फेसाळल्या तोंडानेच हात वर करायचा आणि मी वस्तरा थांबवायचो. त्याच्या देशाची शेजारच्या देशाशी लढाई जुंपली होती. बायको त्या शेजारच्या देशातली. माहेरी गेली ती तिथेच अडकली.

एकदा परदेशी मध्यस्थ समेटाला आले आणि अध्यक्ष बोलणी सोडून उठला. मी म्हटलं, "बरोबर केलं. माणसाला मान आहे की नाही?"

तो आरशात बघत मोडक्या हिंदीत म्हणाला, "चाचा, मान त्याचा. बायको माझी."

मी वस्तरा पुसला आणि उरलेली दाढी पुरी केली.

पुढे समेट झाला. तो हसत आला. "परवा ती येतेय. मिशी काढून टाक, तिला टोचते."

मिशी म्हणजे पुरुषाचा मान, ती काढायला सांगणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवायचो. त्याच्यासाठी मात्र वस्तऱ्यात नवं पातं घातलं आणि जपून उतरवली.