आधी भास्करभाऊंच्या नाकाला

त्या गुरुवारी चार वाजले, साडेचार झाले, तरी भास्करभाऊ आले नाहीत. माझी मुक्ता हातात ऑक्सिजनचा जुना मास्क घेऊन खिडकीच्या जाळीला चिकटून उभी होती. मुक्ता अकरा वर्षांची आहे, स्वमग्न आहे, बोलत नाही. पण गुरुवारचे चार तिला बरोबर कळतात. मी स्वयंपाकघरातून म्हणत होते, "येतील गं, ड्युटी लांबली असेल." तेवढ्यात फोन वाजला. भाऊ ज्या ॲम्ब्युलन्सवर होते, तिचा ड्रायव्हर बोलत होता. इथल्या दुधनी गावच्या एका आजींना घरी सोडून परत येताना भाऊंच्या छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. "मॅडम, आम्ही दोघंच होतो. गाडी चालवू की मागे जाऊन त्यांना धरू... काहीच सुचेना," तो म्हणाला. सिल्वासातल्या कितीतरी लोकांच्या उशाशी बसलेल्या माणसाच्या उशाशी शेवटी कोणी नव्हतं. मी गॅस बंद केला आणि ओट्यापाशीच खाली बसले.

आमची ओळख भांडणातून झाली. मी मूळची राजापूरकडची, इथल्या शाळेत चौदा वर्षं शिकवते. ह्यांचं ऑफिस दमणला, ते शनिवारी येतात. मुक्ताला दम्याचाही त्रास आहे. तीन वर्षांपूर्वी तिला मोठा अटॅक आला, तेव्हा मी ॲम्ब्युलन्ससाठी फोन करून एवढंच सांगितलं, की मुलीला दम लागलाय. बाकीचं गिळलं. शेजारीपाजारीसुद्धा "उशिरा बोलायला लागेल" एवढंच सांगून ठेवलं होतं ना मी. शाळेतल्या बाईंची मुलगी अशी, हे लोकांना कळायला नको होतं मला. झालं काय, की गाडीतले एक गृहस्थ मास्क लावायला गेले तर तिने तो भिरकावला, आणि दवाखान्यात चौघांनी मिळून तिला दाबून धरलं. ती एकाच्या मनगटाला कडकडून चावली. ओठ निळे पडत चाललेले, आणि कोणीतरी विचारलं, "वेडी आहे का ही?" अख्खा वर्ग एका नजरेत गप्प करणारी मी, तिथे मुक्ताची पडलेली चप्पल उचलायला खाली वाकले.

मुक्ता वाचली. नंतर बाहेरच्या बाकावर बसले होते, तर ॲम्ब्युलन्समधले ते गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. "मॅडम, फोनवर का नाही सांगितलं?"

"सांगून काय फरक पडला असता?"

"मी एकटा आलो असतो. हळू आलो असतो. असे चार जण अंगावर धावून आले, तर मी पण चावलो असतो."

असा राग आला मला. पण पुढच्या गुरुवारी हेच भाऊ आमच्या दारात, ड्युटी नसताना, खिशात एक नवा कोरा मास्क. "काय करून राहिली माय?" असं मुक्ताला विचारून सरळ जमिनीवर मांडी घालून बसले. शिरपूरकडचा माणूस, इथल्या धाग्याच्या कंपनीत आला आणि नंतर ट्रेनिंग घेऊन ॲम्ब्युलन्सवर लागला. त्यांनी मुक्ताकडे पाहिलंसुद्धा नाही. मास्क आपल्याच नाकाला लावला, एकेका श्वासाला एकेक बोट मिटत पाच मोजले, आणि चहा पिऊन निघून गेले. मला वाटलं, ह्यांना नक्की हवंय तरी काय? विचारलंच मी एकदा. तर म्हणाले, "बिमार नसताना ओळख झालेली बरी. बिमारीत कोण कोणाला ओळखतं?"

दर गुरुवारी हेच. आधी भाऊंच्या नाकाला, मग माझ्या, मग मुक्ताच्या. मुक्ताच्या पाळीला ती पळून जायची. चार महिने पळाली. एक दिवस पळाली नाही.

माझी शिकवणी वेगळी. भाऊ माझ्याकडे पाठ करून बसायचे आणि फोन उचलल्याचं सोंग करायचे. "हां, बोला, काय झालं?" मी म्हणायची, "माझी मुलगी..." आणि पुढे फक्त दम्याचं सांगायची. "आवाज नाही येऊन राहिला मॅडम," असं ते पाठ न वळवता म्हणायचे. शेवटी एकदा मी ओरडलेच, की माझी मुलगी स्वमग्न आहे, बोलत नाही, एकानेच या, हळू या. भिंतीपलीकडच्या वहिनींनी ऐकलं असणार. ऐकू दे म्हटलं. त्यानंतर दोन अटॅक आले, दोन्ही वेळा नेमके भाऊच ड्युटीवर होते आणि दोन्ही वेळा मुक्ता त्यांच्या शेजारी बसून मुकाट मास्क लावून गेली.

आता भाऊ नाहीत, हे तिला कसं सांगायचं? मला अजून जमलेलं नाही. त्यांच्या जाण्याच्या दुःखात माझी भीतीही मिसळलेली होती, खोटं कशाला बोलू. पुढच्या वेळी ही कोणाला जवळ येऊ देणार?

पाचव्या आठवड्यात, भर दुपारी, ती वेळ आली. मी फोन लावला. सगळं पहिल्याच दमात सांगितलं. गाडीतून दीपिकाबेन नावाच्या बाई उतरल्या, एकट्या, हळू. मुक्ता धापा टाकत दारापर्यंत गेली आणि त्यांच्या पलीकडे उघड्या गाडीत बघत राहिली. बराच वेळ बघितलं तिने. मग कपाटाच्या कोपऱ्यात जाऊन बसली. ओठांचा रंग उतरायला लागला होता. दीपिकाबेन मास्क घेऊन पुढे झाल्या, तशी मी म्हटलं, "थांबा बेन, आधी तुम्ही लावा." तेवढ्यात मुक्ताने हात पुढे करून तो मास्क घेतला आणि स्वतःच त्यांच्या नाकाला लावला. दुसऱ्या हाताची बोटं मिटायला लागली. एक... दोन... मुलीला श्वास मिळत नाहीये, आणि ती दुसऱ्याचे श्वास मोजतेय. ते पाच आकडे मी कसे काढले, माझं मला माहीत. मग माझी पाळी. मग तिने तो आपल्या नाकाला लावला आणि दीपिकाबेनच्या मांडीला टेकली.

गाडीत त्या हळूच म्हणाल्या, "बेन, हे कोणी शिकवलं हिला?" मला भाऊंचं नाव घ्यायचं होतं. पण रडूच फुटलं.

भाऊंनी आणलेला मास्क अजून दारामागच्या खिळ्याला आहे, छत्रीशेजारी. गुरुवारी चार वाजता मुक्ता तो काढते, भाऊ बसायचे त्या जागेसमोर मांडी घालते आणि त्यांचं नाक जिथे असायचं, तिथे हवेत धरते. पाच बोटं मिटते. मग मास्क माझ्याकडे देते, आणि मी माझे पाच श्वास घेते.