कुजबुज्यांचं स्वतःचं वाक्य

नाटक कंपनीत त्यांना सगळे कुजबुजे म्हणत. ते आडनाव नव्हे, धंदा! नट वाक्य विसरला की विंगेतून ते हळूच पुरवायचं, यात जन्म गेला. राजे आले, खलनायक आले, टाळ्या घेऊन गेले. कुजबुज्यांचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचला नाही. पोचता, तर नोकरी गेली असती.

आज मात्र स्वतःचं वाक्य बोलायचं होतं.

लष्करी दफनभूमीत थोरल्या भावाच्या कबरीपाशी ते उभे होते. एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला पुतणी. पुतणीला बापासारखं सैन्यात जायचं होतं, सोमवारी हजर व्हायचं होतं. आईचा साफ नकार. भांडून भांडून मायलेकींचं एवढ्यावरच जमलं, की काका बाबांसमोर उभं राहून सांगेल ते खरं.

"काका, हो म्हण हं," बसमध्ये पुतणी एका कानात म्हणाली.

"भावजी, नाही म्हणा," वहिनी दुसऱ्या कानात.

जन्मभर दुसऱ्यांच्या कानाशी लागल्याचं असं उट्टं निघालं.

दगडावर कोरलं होतं, 'देशासाठी सर्वस्व अर्पण'. शेजारच्या दगडावर तेच. त्यापलीकडे तेच. कुजबुजे सवयीने पुटपुटत वाचत राहिले.

"मोठ्याने वाचा की," गवत कातरणारा माळी म्हणाला. "इथं कुणाची झोपमोड होत नाही."

अर्पण? शेवटचं निघताना दादा म्हणाला होता, "माझा चहा झाकून ठेव रे, आलोच." सर्वस्व अर्पण करायला निघालेला माणूस चहा झाकायला सांगतो? पण फाटकाबाहेर पडल्यावर त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. ती हिंमत, की पाय अडतील ही भीती? हो म्हणावं, तर वहिनीने एकटीने काढलेल्या वर्षांचं काय? नाही म्हणावं, तर दादा फुकट गेला, असं त्याच्याच उशाशी उभं राहून म्हणायचं?

"भावजी?"

"काका?"

त्यांनी विंगेकडे बघावं तसं बाजूला पाहिलं. तिथे माळी होता.

"मला कळत नाही," ते म्हणाले.

"काय? ऐकूच आलं नाही," पुतणी म्हणाली.

"मला कळत नाही!" माळ्याची कात्री थांबली. "पोरी, त्याने सर्वस्व आपणहून दिलं की ते त्याच्याकडून गेलं, मला खरंच कळत नाही. चहा झाकून ठेव म्हणाला होता गं. हो म्हणालो तर ते या दगडाचं वाक्य, नाही म्हणालो तर तुझ्या आईचं. सोमवारचं तुझं तू ठरव."

पुतणीने दगडावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "त्या चहाचं काय झालं?"

"मी प्यायले," वहिनी म्हणाली. "संध्याकाळी. पार गार झाला होता."

पुतणीने आईचा हात धरला. परतताना बसमध्ये सोमवारचं नाव कुणी काढलं नाही. कुजबुजे तेवढे घसा चाचपत बसले होते; एवढा मोठा आवाज आपलाच, हे काही त्यांना पटेना.