दर पंधरा मिनिटांनी मामा

माझ्या सासऱ्यांचं नाव राजाराम. आमच्यात सासऱ्यांना मामा म्हणतात, त्यामुळे लग्न होऊन परळच्या चाळीत आले त्या दिवसापासून ते माझे मामा. आता पंच्याहत्तरीला आलेत. अंगाने काटक, शर्ट कायम पांढरा, आणि मनगटावर घड्याळ नसेल तर त्यांना कपडे घातल्यासारखं वाटत नाही. बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून लागले आणि स्टार्टर होऊन रिटायर झाले. स्टार्टर म्हणजे चौकीत बसून कुठली बस किती वाजता सुटणार ते बघणारा माणूस. नोकरी संपून सतरा-अठरा वर्षं झाली, पण अजून त्यांच्या तोंडून ‘पावणेअकरा वाजले असतील’ असं कधी येत नाही. ‘दहा त्रेचाळीस’ असं येतं.

मी प्रिती. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी माझं वजन एकशे अठरा किलो होतं, मधुमेह होता, रोज इन्सुलिन होतं आणि गुडघे असे झाले होते की शाळेचे दोन जिने चढले की पहिला तास मी खुर्चीवर बसूनच घ्यायचे. शेवटी डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलं. माझा नवरा विकास लगेच तयार झाला. मामांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, “तुझं पोट दुखतंय का?”

“नाही मामा.”

“मग चांगलं पोट कापून फेकायचं कशाला?”

मी वाद घातला नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यांना बरोबर घेऊन गेले. डॉक्टरांनी चित्र काढून सगळं समजावलं, साखर कशी उतरेल ते सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “हिच्या पायाची बोटं वाचतील ना?”

माझ्या सासूबाईंना, राधाबाईंना, मधुमेहच होता. आधी अंगठा गेला, मग पाऊल गेलं, मग त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, साखर ताब्यात आली तर पाय सांभाळता येतात. त्यानंतर ऑपरेशनला विरोध असा मामांनी केला नाही.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी घरी सोडताना सुरुची नावाच्या आहारतज्ज्ञ मॅडमनी हातात एक कागद दिला. दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ. तेही औषधाच्या छोट्या कपाने, एका वेळी तीस मिली, पंधरा मिनिटांत घोट घोट करून. पाणी, शहाळ्याचं पाणी, डाळीचं गाळलेलं पाणी, आणि दिवसातून तीनदा प्रोटीनची पावडर. विकास लोअर परळच्या एका टॉवरमध्ये एसीचा प्लांट सांभाळतो. त्याची रजा संपत आली होती. तो माझ्याकडे बघायला लागला तसे मामा म्हणाले, “तू जा रे ड्युटीवर. मी आहे ना घरात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर कॅलेंडरच्या शेजारी टाइमटेबल चिकटवलेलं. सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत, पंधरा पंधरा मिनिटांनी, पट्टीने रेघा मारून. कधी पाणी, कधी डाळ, कधी पावडर, मधे गॅलरीत दहा फेऱ्या. डाळीचं पाणी आणि पावडर विकास ड्युटीवर जायच्या आधी करून ठेवायचा. एक वही केली होती, त्यात प्रत्येक कपापुढे बरोबरची खूण. कप माझ्या हातात द्यायचे, गॅलरीतल्या खुर्चीवर जाऊन बसायचे आणि वेळ झाली की आतल्या दिशेने आवाज यायचा, “प्रिती, नऊ पंधरा.” मग, “प्रिती, नऊ तीस.”

पहिले काही दिवस बरे गेले. मग मळमळ सुरू झाली.

मळमळ होईल असं हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं, पण अशी होईल असं वाटलं नव्हतं. आमच्या मजल्यावर दहा दारं. सकाळी कुणाकडे खोबरं भाजलं जायचं, दुपारी कुणाकडे बोंबील तळले जायचे. जे वास मला वीस वर्षं घरचे वाटायचे, ते नाकात शिरले की तोंडात पाणी सुटायचं, आणि ते भुकेचं नसायचं. मामांच्या आल्याच्या चहाने तसंच व्हायचं. विकासच्या साबणानेसुद्धा व्हायचं. उमासा आला तरी बाहेर पडायला पोटात काही नसायचं, नुसता फेस यायचा आणि टाके ओढले जायचे. व्हॅनिलाची प्रोटीन पावडर तर खडूच्या भुकटीत साखर कालवावी तशी लागायची. हळूहळू मला साध्या पाण्याचीही भीती वाटायला लागली. कप दिसला की मी तोंड फिरवायचे.

आणि तेव्हा मी एक गोष्ट केली, जी मी वर्गातल्या मुलांना कधी करू दिली नसती. मामा कप देऊन बाहेर गेले की मोरी दोन पावलांवर होती. मी कप मोरीत ओतला आणि वर थोडं पाणी टाकलं.

“झालं गं?” बाहेरून आवाज आला.

“झालं, मामा.”

“शाबास.”

पहिल्या दिवशी दोनच कप ओतले. तिसऱ्या दिवसापर्यंत बरेचसे मोरीत जायला लागले. मामा प्रत्येक कपापुढे बरोबरची खूण करत होते.

घरी आल्यानंतरच्या दहाव्या दिवशी सकाळी गॅलरीत फेऱ्या मारताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी कठडा धरला. शेजारच्या यशोदाकाकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी धावत येऊन मला बगलेत धरलं आणि खाली बसवलं. मामा आले, माझे सुकलेले ओठ बघितले आणि मान वळवून काकूंना म्हणाले, “तिला जरा विचारा, बाथरूमला कधी गेलेली शेवटची.”

मी म्हटलं, काल दुपारी.

मामांनी शर्ट बदलला, वही घेतली, खाली जाऊन टॅक्सी थांबवली. अर्ध्या तासात मी हॉस्पिटलच्या खाटेवर होते आणि हाताला सलाईन लागलेलं होतं. अंगातलं पाणी कमी झालंय, डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

थोड्या वेळाने सुरुची मॅडम आल्या. मामांनी वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “काका, इथे तर रोज जवळजवळ दीड लिटर दिसतंय. एवढं पोटात गेलं असतं तर ही वेळ आली नसती.”

मामा खाटेच्या पायाशी उभे होते, चौकीत साहेबांपुढे उभे राहत असतील तसे. म्हणाले, “माझंच चुकलं असेल, मॅडम. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. कपावरची रेघ नीट दिसली नसेल. कमी दिलं असणार मी.”

ते ऐकून मला राहवलं नाही.

“मामा, तुम्ही बरोबर दिलंत. मीच ओतून देत होते. मोरीत.”

मॅडम सलाईनची गती बघायला लागल्या. मामांनी वही मिटली आणि स्टुलावर बसले.

“किती दिवस?”

“तीन-चार.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही एवढं करत होतात. आणि मला ते बघवतच नव्हतं. पाणीसुद्धा.”

मला वाटलं आता रागावतील. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी मिटलेली वही मांडीवर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, “राधाच्या वेळेला पण मी हेच केलं. गोळीची एक वेळ चुकवली नाही. आठ म्हणजे आठ. पण तुला काय होतंय, असं बसून कधी विचारलं नाही तिला. घड्याळच बघत राहिलो. आता तुझ्या वेळी पण घड्याळच बघितलं.”

लग्नाला वीस वर्षं झाली, सासूबाईंबद्दल त्यांना एवढं बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते. मला रडू आलं. मॅडमनी टिश्यू दिला आणि खुर्ची ओढून बसल्या.

“हे बघा, मळमळ लपवायची नाही,” त्या म्हणाल्या. “तिच्यावर गोळी आहे, जिभेवर ठेवली की विरघळते. पण तुम्ही सांगितलंत तर मी देणार ना? आणि तीस मिली जात नसेल तर चमचा घ्या. चमचा जात नसेल तर अर्धा चमचा. मात्र काहीच राहत नसेल पोटात, तर लगेच फोन करायचा. ती व्हॅनिलाची पावडर बंद करा. बिनवासाची मिळते, ती आणा.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. मामांनी चपला काढल्या आणि सगळ्यात आधी भिंतीवरचं टाइमटेबल उतरवलं. मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. “हं, सांग आता. कसला कसला वास सहन होत नाही?”

मी एकेक सांगत गेले. आल्याचा चहा म्हणताना मी अडखळले, तर म्हणाले, “सांग, सांग.” त्या दिवसापासून चहा नाक्यावरच्या हॉटेलात. पुढे महिनाभर त्यांनी घरात आधण ठेवलं नाही. यशोदाकाकूंकडेही स्वतः गेले. आम्ही चाळीत हर्नियाचं ऑपरेशन झालंय असं सांगितलं होतं. मामांनी काकूंना खरं काय ते सांगून टाकलं आणि म्हणाले, “आठ-दहा दिवस बोंबील तळताना गॅलरीकडचं दार जरा लोटून घ्याल का?”

“लोटून कित्याक?” काकू म्हणाल्या. “धा दिवस बोंबील नाय खाल्ले तर आमी काय मरतंव? आणि तू गो प्रिती, हर्निया कशाक सांगितलंस? मी तुका हसले असतंय?”

हसतील असंच मला वाटलं होतं.

मग मामांचं स्वयंपाकघर सुरू झालं. याआधी त्यांना चहा आणि आम्लेट यापलीकडे काही येत नव्हतं. मूग मऊ शिजवायचे, पंच्याच्या फडक्यातून तीनदा गाळायचे, चिमूटभर मीठ आणि लिंबाचे दोन थेंब टाकायचे, हे त्यांनी काकूंना विचारून शिकून घेतलं. पहिल्या दिवशी उकळत्या पाण्यात नवी बिनवासाची पावडर टाकली, तर तिच्या गुठळ्या झाल्या, फाटलेल्या दुधासारख्या. दुसऱ्या दिवशी कोमट करून टाकली, तर ती वर तरंगत राहिली. तिसऱ्या दिवशी आधी थोड्या गार पाण्यात कालवून मग मिसळली, तेव्हा जमलं. प्रत्येक वेळी आधी स्वतः चाखायचे. त्या दिवशी चाखून तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, “चव एकदम बेकार आहे. पण वास नाही.”

मला हसू आलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. हसल्यावर टाके दुखले.

चहाचा चमचा अर्धा भरून त्यांनी माझ्या हातात दिला आणि या वेळी बाहेर गेले नाहीत. समोरच बसले. मी गिळलं. दोघंही वाट बघत बसलो.

“राहिलं?”

“राहिलं.”

“मळमळ?”

“आहे. पण कमी आहे.”

“मग थांबू. तू सांगशील तेव्हा दुसरा.”

दुसरा चमचा मी वीस मिनिटांनी मागितला, दुपारपर्यंत पुन्हा छोटा कप हातात घेतला. त्या दिवशी ग्लासभरही पोटात गेलं नसेल असं मला वाटलं होतं. मामांनी मोजलं तर अर्ध्या लिटरच्या वर होतं. गोळीने काम केलं, वास कमी झाले त्याने काम केलं, आणि आपल्याला बरं वाटत नाही हे बोलायला समोर कुणी तरी बसलंय यानेही केलं असणार. चार दिवसांनी मॅडमनी ठरवून दिलं होतं तेवढं पाणी जायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात घोटलेला दुधी आणि अंड्याचं पांढरं सुरू झालं. पाचव्या आठवड्यात मी घाईत इडलीचे दोन मोठे घास घेतले आणि छातीत दगड बसल्यासारखं होऊन सगळं बाहेर आलं. मामा म्हणाले, “चावलंस का?” मी म्हटलं, “नाही.” एवढंच बोलणं झालं.

सगळं काही छान झालं असं नाही. मधे केस मूठमूठ गळले. अजून एखाद्या सकाळी उगीच मळमळतं. पण सहा महिन्यांत अठ्ठावीस किलो उतरले, डॉक्टरांनी इन्सुलिन बंद करून एका गोळीवर आणलं आणि शाळेत मी पहिला तास उभी राहून घ्यायला लागले.

त्याच सुमाराला मामांचे जुने सहकारी जगदीशकाका, कॉटन ग्रीनला राहतात, त्यांच्या नातीचं नामकरण होतं. बुद्धवंदना झाली, बाळाचं नाव ठेवलं आणि पंगत बसली. जगदीशकाकांच्या बायकोने मायेने माझं ताट भरलं, वडे, मटण, भात, सगळंच. मी मटणाचा एक छोटा तुकडा नीट चावून खाल्ला, दोन चमचे रस्सा घेतला, वड्याचा कोपरा मोडला, आणि छातीशी ती ओळखीची दाटी जाणवली. आता एक घासही जाणार नव्हता. काकी वाढत वाढत आमच्याच रांगेकडे येत होत्या.

मामा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आपलं रिकामं होत आलेलं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि माझं स्वतःकडे ओढलं.

मी घाबरून कुजबुजले, “मामा, उष्टं आहे ते. लोक बघतायत.”

“बघू दे की,” ते म्हणाले आणि मी मोडलेला वडा रश्श्यात बुडवला. “तू आरामात बस. पाणी आत्ता नको पिऊस, अर्ध्या तासाने पी.”

काकी आल्या, माझ्यापुढचं ताट बघून खूश झाल्या आणि विचारलं, “आणखी वाढू का गं?”

“तिला नको,” मामा तोंडातला घास चावत म्हणाले. “मला वाढा.”