माझ्या मोतीबिंदूचे थेंब

“घरात कुणाच्या ऑपरेशननंतरचे थेंब तर घातले नाहीत ना?” पालघरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं. माझी नात मानसी खुर्चीत मान मागे टाकून बसली होती, तिची आई संगीता माझ्या शेजारी उभी. त्या थेंबांनी लाली जाते, डॉक्टर म्हणाले, पण बुबुळावरची जखम आत वाढत राहते. घातले असतील तर औषध वेगळं द्यावं लागेल. बाटली माझ्या पिशवीत होती.

मी म्हटलं, “मी काय नाय घातला. तिची आय काजळ घालते.”

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता तुम्हाला सांगते – नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, आणि तो गेला.

आम्ही मुरबे गावचे. बोंबील सुकवताना एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा अडकवून ती जोडी वलांडीवर, म्हणजे उंच बांधलेल्या आडव्या बांबूंवर टाकतात. मानसी तेव्हा बारा वर्षांची, हात चपळ. जोडी टाकताना एकाची शेपटी तिच्या डोळ्यात बसली. डोळा लाल झाला, पाणी वाहायला लागलं, उजेड सहन होईना. संगीता म्हणाली, बोईसरला डॉक्टरकडे नेते. ती बोईसरचीच, बाप कारखान्यात. तिला प्रत्येक गोष्टीला डॉक्टर लागतो, असं मी चारचौघींत म्हणायचे.

माझ्या ऑपरेशनचे थेंब उरले होते. माझा डोळा बरा झाला, मग हिचा का नाही? – एवढंच माझं शिक्षण. मानसी वलांडीखाली माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडायची आणि विचारायची, “डॉक्टरीणबाई, फी मावऱ्यात घेता काय?” मावरं म्हणजे आमची मासळी. संगीता घरात नसताना घालायचे. का? तिला विचारावं लागू नये म्हणून.

लाली उतरली. मी सुनेला ऐकवलं, “बघ, तुझा डॉक्टर बोईसरलाच राहिला.” मग बुबुळावर पांढरा ठिपका आला.

खोटं बोलले तेव्हा मानसी दुसऱ्या डोळ्याने माझ्याकडे बघत होती. तेव्हाही बोलता आलं असतं. तोंड उघडलं नाही – सुनेसमोर मान खाली जाईल म्हणून. दुसरं कारण नव्हतं. डॉक्टरांनी नेहमीचं औषध दिलं. उतार पडेना, तेव्हा मुंबईला पाठवलं. मधले दिवस फुकट गेले.

माझा मुलगा बोटीवरून आला आणि बायकोला म्हणाला, तुझ्या काजळाने पोरीचा डोळा गेला. मी चुलीशी होते. भाकरी थापत राहिले. संगीताने काजळाची डबी फेकली. ती मुलाजवळ रडली नाही, माझ्याजवळ रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला – हे सगळ्यात वाईट. की ते खोटं वाईट? मला ठरवता येत नाही.

गेल्या वर्षी मानसीने मला वलांडीपाशी गाठलं. “आजी, मी नाय सांगणार. तू सांग.”

मी सांगितलं नाही. एका घरात आहोत, एका चुलीवर जेवतो. मानसी समोर आली की मी उठते. उठून जायचं कुठे? घर दोन खोल्यांचं आहे.

मानसी आता सोळा वर्षांची आहे. डाव्या डोळ्याने तिला उजेड कळतो, माणूस कळत नाही. तिची आई अजून समजते, की हे आपल्या हातून झालं.